बर्फात चढंल का?

मे महिन्यातली भर दुपार. चाकण रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय. आणि एका चकाचक शोरूममध्ये, पायात फॅक्टरीचे जाड काळे बूट घातलेला, साठी ओलांडलेला एक गृहस्थ नव्याकोऱ्या गाडीखाली अर्धा सरपटत गेलाय. बाहेर दिसताहेत फक्त ते बूट. आतून आवाज येतो, "आरं पोरा, ही बर्फात चढंल का?"

हे आमचे सोनकांबळेकाका.

मी बाजूलाच उभा होतो, म्हणून खात्रीनं सांगतोय. त्यांना तिथं मीच नेलं होतं, माझ्या गाडीतून, माझं दुकान बंद ठेवून. का नेलंत, असं बायकोनं संध्याकाळी विचारलं. सोनकांबळेकाकांना नाही म्हणायचं कसं, हे आमच्या सोसायटीत अजून कुणालाच जमलेलं नाही.

टाय लावलेला तो मुलगा वाकून बुटांशी बोलू लागला. "सर, बर्फ म्हणजे... मनालीची ट्रिप आहे का?"

"ट्रिप कशाची? रोजचं हाय. लेकराला पाळणाघरात सोडायचं, हापिसला जायचं, येताना भाजी आणायची. पाच महिने बर्फ."

"कुठं, सर?"

"विनिपेगला. कॅनडात."

मुलानं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. "सर, विनिपेग आमच्या टेरिटरीत येत नाही," तो फार नम्रपणे म्हणाला.

"मला कुठं घ्यायचीय? मला बघायचीय. हिचाच सांगाडा तिकडं दुसऱ्या नावानं इकतेत." काका बाहेर आले, गुडघे झटकले आणि खिशातला कागद काढून त्यावर लिहिलं: नमुना क्रमांक सात. पोट जमिनीला जवळ. नॉट ओके. त्या बिचाऱ्यानं तरीही आम्हाला कोल्ड कॉफी पाजली. पुढं पुढं तर काका दारात दिसले की निम्मा स्टाफ आपोआप जेवायला जायचा.

माझं पिंपरीत, संत तुकाराम नगरात, आमच्या सोसायटीच्या गेटालाच लागून झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. काका दुसऱ्या मजल्यावर राहतात. मूळचे उदगीरकडचे. ऐन तरुणपणी इकडे आले, आधी भोसरीत एका वर्कशॉपला, मग चाकणच्या गाड्यांच्या कंपनीत. तिथं ते लाइनच्या अगदी शेवटी असायचे. तयार गाडी यायची, काका खाली खड्ड्यात बॅटरी घेऊन उभे. डोक्यावरून गाडी जायची आणि ते तिच्या पोटाकडे बघून सांगायचे: ओके किंवा नॉट ओके. हजारो गाड्या त्यांच्या डोक्यावरून गेल्या. स्वतःची मात्र एकही नाही. इतकंच काय, गाडी चालवताही येत नाही. कंपनीच्या बसनं गेले, कंपनीच्या बसनं आले, कंपनीनंच एक दिवस हार घालून घरी पाठवलं.

रिटायर होताना त्यांनी कंपनीतून दोन गोष्टी आणल्या. एक ते बूट. दुसरा पिवळा पेंट मार्कर.

हा मार्कर म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, नाहीतर हा माणूस कळायचा नाही. नट पक्का आवळला, की नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत एक सरळ पिवळी रेघ मारायची. पुढं कधी नट जरा जरी फिरला, तर रेघ तुटलेली दिसते. पाना लावायला नको, हात लावायला नको, लांबूनच कळतं. कंपनीत ठीक आहे हो. पण काकांनी रिटायर झाल्यावर अख्ख्या सोसायटीला रेघा मारल्या. गेटच्या बिजागऱ्या, पाण्याची मोटर, लिफ्टचं दार, लहान मुलांची घसरगुंडी. माझ्या दुकानातल्या खुर्चीच्या चारी नटांवर रेघा आहेत. गिऱ्हाइकं विचारतात, नवस बोललाय का?

गेल्या वर्षी अ‍ॅडमिशनच्या दिवसांत माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. काका आले, वर पंख्याकडे बघितलं आणि एकदम ओरडले, "बाहेर! सगळे बाहेर! रेघ तुटलीय!" पंधरा-वीस माणसं काढली की हो त्यांनी रस्त्यावर, ऐन धंद्याच्या वेळेला! मी इतका तापलो होतो, की तोंडात आलं ते बोललो. काकांनी स्टूल पुढं ओढलं. स्टुलावर चढले आणि पंख्याचा नट दोन बोटांनी फिरवून काढून माझ्या हातात ठेवला. "आता काय बोलायचं ते बोल," म्हणाले. मी त्यांना चहा सांगितला.

तर असा हा माणूस बर्फाच्या नादाला कसा लागला, ते.

त्यांची एकुलती एक मुलगी, प्रज्ञा. लग्न होऊन नवऱ्याबरोबर तिकडे गेली. नवरा महिन्यातले वीस दिवस कामासाठी दुसऱ्या गावी. चार वर्षांची ओवी आणि ही, दोघीच घरात. प्रज्ञाचे फोन यायचे ते काकूंना. मायलेकी तास तास बोलायच्या, आमटीत चिंच किती इथपासून जावेच्या भिशीपर्यंत. काकांचा नंबर सगळ्यात शेवटी. फोन हातात आला की काका ताठ उभे राहायचे आणि विचारायचे, "बरी हायस ना? जेवलीस का? बरं. ठेवतो." काकू हसून म्हणायच्या, "एवढंच? अहो, लेक आहे ती, सुपरवायझर नाही."

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. फोन काकांकडे आला. आणि पंचाईत झाली. दर रविवारी फोन लागायचा, जेवलीस का विचारून व्हायचं, तिकडून "तुम्ही जेवलात का, पप्पा?" व्हायचं, आणि मग दोघंही गप्प. काका माझ्याजवळ एकदा म्हणाले होते, "सतीश, दोन मिनिटं पण भरंना गेलीत बघ. तिला वाटतंय मी बोलावं, मला वाटतंय तिनं बोलावं." बोलता बोलता त्यांनी माझा स्टेपलर उघडून त्याची स्प्रिंग तपासली.

मग गेल्या फेब्रुवारीत एका रविवारी प्रज्ञानं सहज सांगितलं, की चौकात बर्फावरून तिची लहान गाडी गोल फिरली. ओवी मागच्या सीटवर होती. कुणाला काही लागलं नाही. पण ती म्हणाली, "पप्पा, आता चारी चाकं ओढणारी मोठी गाडी घ्यावी म्हणतेय. कुठली घेऊ? तुम्ही सांगा."

त्या दिवशी काका दुकानात आले ते दारातच उभे राहिले. गाडी फिरल्याचं ऐकून चेहरा उतरलेला आणि डोळे मात्र चमकताहेत. "सतीश, तिनं मला इचारलं," एवढंच त्यांनी तीन वेळा सांगितलं. "शाळा कुठली, लाइन कुठली, नवरा कुठला, सगळं तिच्या आईला इचारलं तिनं. हे मला इचारलं."

झालं! माझ्या दुकानाची तेव्हापासून प्रयोगशाळा झाली. काकांनी माझ्याच कॉम्प्युटरवर, माझ्याच वेळात, माझ्याकडूनच तक्ते करून घेतले. तेवीस नमुने. जमिनीपासून उंची किती, चारी चाकांना ओढ कायमची की गरज पडली तर, आरसे गरम होतात का, सीट गरम होते का, मागं बर्फ खरवडायचं फावडं मावतं का. "दोन चाकांनी राबायचं आन दोघांनी मागनं फरफटत यायचं, असली गाडी मला नगं," हे त्यांचं ब्रीद. ते त्यांनी दुधवाल्यालाही ऐकवलं. तिकडे थंडीत गाडी रात्रभर प्लगला लावून ठेवतात, इंजिन गोठू नये म्हणून, हे कळलं त्या दिवशी तर ते जिना चढून प्रत्येक दारात सांगून आले.

कागदावर भागेना, तेव्हा प्रात्यक्षिक ठरलं. रसवंतीवाल्याच्या ओळखीनं कारखान्यातून बर्फाच्या दोन मोठ्या लाद्या गोणपाटात गुंडाळून रिक्षातून आणल्या. आमच्या पार्किंगच्या उतारावर त्या फोडून पसरल्या. मे महिना! अर्धी सोसायटी ग्लास घेऊन सरबताच्या आशेनं खाली उतरली.

"हां, घे गाडी वर," काका मला म्हणाले.

"मी? का म्हणून? गाडी माझी आहे."

"म्हणून तर तू. मला कुठं येते चालवायला?"

दोनच चाकांना ओढ असलेली गाडी नेमकी कुठं आणि कशी घसरते, ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. ते त्यांना अगदी पोटभर दिसलं. माझी गाडी वीतभर चढली, पुढची चाकं जागेवर फिरत किंचाळली आणि आम्ही मागं मागं येत खांबाला टेकलो. आवाज ऐकून सोसायटीचे सेक्रेटरी "हे काय चाललंय?" म्हणत धावत आले आणि थेट बर्फात बसले. काकांनी आधी त्यांना हात देऊन उठवलं, ते म्हणजे त्यांच्यातली माणुसकी. मग कागदावर लिहिलं: सेक्रेटरी, दोन पाय, पकड नाही, रिजेक्ट. तो कागद मी नंतर गुपचूप फाडला.

पण त्या चिखलपाण्यात उभं राहून काकांना एक गोष्ट मात्र उमगली. रविवारी फोनवर त्यांनी ती मोठ्या गंभीरपणे सांगितली, "प्रज्ञा, चार चाकं गाडीला चढवतेत. थांबवतेत ते टायर. गाडी कुठली बी घे, थंडीचे टायर येगळे घे." तिकडून प्रज्ञा म्हणाली, "पप्पा, हेच इथले लोकही सांगतात!" त्या दिवशी फोन एक्कावन्न मिनिटं चालला. मला माहीत आहे, कारण काकांनी तो आकडा मला दाखवला.

दर रविवारी असंच. सकाळी साडेसातला काका दुकानात येणार, कारण तक्ते माझ्या कॉम्प्युटरवर. तिकडं शनिवारची संध्याकाळ. स्पीकरवर फोन. नमुना अकराची डिकी. नमुना चौदाचं स्टेअरिंग. मधूनच प्रज्ञा सांगायची, की ओवीला त्या रंगाची नको. मग ओवी काय म्हणते, ओवी काय खाते. मग आई कशी चुरमुऱ्याचा सुशीला करायची. मग परत डिकी. दिवाळीला थेरगावची एक मुलगी तिकडं निघाली होती, तिच्याबरोबर काकांनी शेंगदाण्याची चटणी पाठवली, मी लॅमिनेट करून दिलेली तपासणीची यादी पाठवली आणि एक नवा पिवळा मार्कर. "चटणी ठीक आहे," मी म्हटलं, "पण मार्कर कशाला?" ते म्हणाले, "असू दे जवळ."

डिसेंबर आला तरी गाडी काही ठरेना. तेवीसचे एकोणतीस नमुने झाले. एकदा मीच वैतागलो. "काका, एवढ्या वेळात तुम्ही स्वतः एक गाडी तयार केली असती." ते नुसते हसले.

परवाचा रविवार. काका नेहमीपेक्षा लवकर आले. प्रज्ञानं फोटो पाठवला होता, ओवी आणि तिनं केलेला बर्फाचा माणूस. काकांना तो भिंतीवर लावायला मोठा करून हवा होता. मी मूळ फाइल मागवून घेतली होती, म्हणजे मोठा केला तरी फाटत नाही. स्क्रीनवर घेतला, कडा कापायला म्हणून मोठा केला, आणि माझा माउस थांबला.

ओवीच्या मागं एक गाडी उभी होती. उंच, लाल, नवीकोरी. थंडीच्या टायरांना काळ्या लोखंडी रिमा. आणि रिमेवरच्या प्रत्येक नटावर पिवळी रेघ.

"काका," मी म्हटलं, "गाडी घेतलीय हो हिनं!"

"व्हय," काका शांतपणे म्हणाले. "पाच आठवडे झाले."

"तुम्हाला सांगितलं तिनं?"

"न्हाई. ती गाडीत बसून फोन करायची ना कधी कधी. आधी दार लावलं की पत्र्यासारखं वाजायचं. एक दिवस धप्प झालं. मी जन्मभर दारं ऐकलीत, सतीश."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "अहो, मग गेले पाच रविवार आपण काय करतोय? मी तक्ते कशाचे काढतोय? आणि तिनं तरी का लपवावं? तुम्ही विचारत का नाही?"

काका स्क्रीनकडेच बघत होते. "इचारलं तर संपलं की रे," ते म्हणाले. "गाडी मिळाली, आता फोन कशाला? पुन्हा जेवलीस का, ठेवतो." मग चष्मा सारखा करत ते पुढं झुकले आणि त्यांचा चेहरा फुलला. "बघ, रेघा मारल्यात तिनं. सरळ मारल्यात का बघ. माझ्यासारख्याच. कर, मोठं कर जरा."

मी मोठं केलं. ते एकेक नट बोटानं मोजत गेले. एक, दोन, तीन. चौथ्यावर बोट थांबलं.

"अजून मोठं कर."

चौथ्या नटावरची रेघ रिमेवरच्या रेघेला मिळत नव्हती. बाजूला सरकली होती, बोटाच्या पेरभर.

काकांनी फोन काढला. तो माझ्यापुढे धरला, नंबर मी लावून दिला. तिकडं बेल वाजत होती तेवढ्यात ते माझ्याकडे न बघता पुटपुटले, "गेलं आता." पण फोन ठेवला नाही.

"हां, पप्पा! मी आत्ता करणारच होते. तो नमुना सव्वीस—"

"प्रज्ञा, गाडी काढू नको. मागचं डावं चाक, खालचा नट ढिला हाय."



"कुठली गाडी, पप्पा?"

"लाल."

 मग ती अगदी हळू म्हणाली, "उद्या सकाळी हायवेनं जायचं होतं. ओवीच्या पोहण्याच्या क्लासला."

"पाना घे. कोट घाल. फोन चालू ठेव."

आणि मग पिंपरीतल्या झेरॉक्सच्या दुकानात बसून त्या माणसानं विनिपेगच्या बर्फातली गाडी तपासली. जॅक लावू नको. चाक खालीच असू दे. पाना बसला? पाय दे त्याच्यावर. आता समोरचा नट. गोल गोल जाऊ नको, समोरासमोर जा. तिच्या श्वासाचा आवाज येत होता, बुटाखाली बर्फ कुरकुरत होता. "पाव फेरा फिरला, पप्पा," ती म्हणाली. टायर बदलल्यावर शंभरेक किलोमीटरनं परत आवळायचे असतात, ते गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं आणि ती विसरली होती. काकांनी उरलेल्या तीनही चाकांच्या रेघा तिच्याकडून मोजून घेतल्या आणि सकाळी आधी गॅरेजला दाखवायचं कबूल करून घेतलं. मगच ते खुर्चीत मागं टेकले. "ओके," म्हणाले.

"तुम्हाला कधी कळलं?" प्रज्ञानं विचारलं.

"दाराचा आवाज."

"म्हणजे महिनाभर तुम्ही मला सीट गरम होते का, ते उगाच विचारत होतात?"

"आन तू उगाच सांगायलीस."

ती हसली. मग हसता हसता तिचा आवाज बिघडला. "सांगितलं असतं तर तुम्ही फोन केला असता का, पप्पा? इतका वेळ बोलला असता का?"

खोटं बोलायची सवय नाही त्या माणसाला. "न्हाई," ते म्हणाले. "मला काय बोलावं सुचत न्हाई, बाळा. तुझ्या आईला सुचायचं." एवढं म्हणून त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाठ केली. "तुझी लई आठवण येती. ते कसं बोलायचं असतंय?"

"हे असंच," प्रज्ञा म्हणाली.

दोघंही गप्प झाले. जुनी सवय, मला वाटलं आता काका ठेवतो म्हणणार. त्यांचा अंगठा फोन बंद करायच्या लाल गोलावर गेलासुद्धा.

"आत जा आता. थंडीत उभी राहू नको."

"जाते. पण फोन ठेवू नका. काही बोलू नका हवं तर. नुसता चालू राहू दे."

काकांनी फोन काउंटरवर उभा करून ठेवला, माझ्या स्टेपलरला टेकवून. दार लागल्याचा आवाज आला. बूट काढल्याचा. ओवी काहीतरी इंग्रजीत विचारत होती, प्रज्ञा मराठीत उत्तर देत होती. भांडं ठेवलं. पाणी सोडलं. मग बराच वेळ काहीतरी दबल्या दबल्या लयीत थापटल्यासारखा आवाज येत राहिला. काका त्या आवाजाकडे कान देऊन बसले होते, खड्ड्यात गाडीखाली उभे राहत असतील तसे, मान जराशी वर करून.

"काय करायलीस?" त्यांनी विचारलं.

"कणीक मळतेय, पप्पा. उद्याच्या डब्याची."

"बरं," काका म्हणाले. "मळ."

तेवढ्यात एक बाई आधार कार्ड घेऊन आल्या, दोन कॉपी काढायच्या म्हणून. माझं मशीन फार घरघरतं. मी त्यांना खुणेनंच बाहेरचं बाकडं दाखवलं, दहा मिनिटं बसा म्हटलं, आणि मशीनचं बटण बंद केलं.